टाचणीच्या डोक्याएवढी खूण

आमच्या लहानपणी वाईला ज्या मुलाकडे सायकलची जुनी रिम असे, तो आळीचा पुढारी. टायर नाही, ट्यूब नाही, तारा नाहीत. नुसती गंजलेली लोखंडी रिम आणि हातभर काठी. काठीचं टोक रिमच्या बाहेरच्या अंगाला जी खोलगट पन्हळ असते तिच्यात टेकवायचं आणि रिम ढकलत गणपतीच्या घाटापर्यंत पळत सुटायचं. वळायचं झालं की काठी जरा तिरकी करायची, थांबायचं झालं की काठी आत घालून रिम मागे ओढायची. या गाड्यावर आम्ही मनाने पुणं-मुंबईच काय, दिल्लीसुद्धा गाठत असू. आणि माझी त्या वयात पक्की समजूत होती की ती पन्हळ कारखानदाराने आमच्या काठीसाठीच ठेवलेली आहे. नाहीतर काठी इतकी बरोबर बसलीच कशी असती?

पुढे कळलं की ती पन्हळ काठीसाठी नाही. पण ती कशासाठी आहे, हे कळायला आणखी काही वर्षं जावी लागली. आणि रिमवरची दुसरी एक खूण कशासाठी आहे, हे कळायला तर माझी पन्नाशी उलटली. ती ज्या रीतीने कळली, तो प्रसंग आठवला की अजूनही पोटात गोळा येतो. ते सगळं ओळीने सांगतो.

आमच्या आळीच्या तोंडाशी सायकलचं दुकान होतं. तासाच्या भाड्याने सायकली मिळत, पंक्चर काढून मिळे, आणि ओव्हरहॉलिंगही होई. दुकानाच्या मालकांना सगळं गाव मामा म्हणे. मामांचं शिक्षण जेमतेम; पण चाक हातात घेतलं की त्यांना त्या चाकाची कुंडली दिसे. चाकाचा आऊट काढताना ते कोणाशी बोलत नसत. चाक उलट्या सायकलवर फिरवायचं, रिमजवळ खडू धरायचा, जिथे खडू लागेल तिथली तार चावीने पाव फेरा ढिली किंवा घट्ट करायची, पुन्हा फिरवायचं. मी शाळा सुटल्यावर तिथे जाऊन बसे. मामा कधी रागावले नाहीत. उलट सोल्यूशनची नळी धर, व्हॉल्व्हट्यूबचा तुकडा काप, असली बारीकसारीक कामं देत.

एक दिवस मी विचारलं, "मामा, रिमला ही मधली पन्हळ कशाला हो?"

मामांनी उत्तर दिलं नाही. एक टायर आणि एक रिम माझ्यापुढे टाकली आणि म्हणाले, "हातानं चढव. पट्टी न घेता."

टायरच्या दोन्ही कडांमध्ये पोलादी तार असते. ती ताणली जात नाही. ताणली गेली असती, तर हवा भरल्यावर टायर रिमवरून उडालंच असतं. ही तार ज्या घेरावर बसते, त्याहून रिमची कड उंच असते. आपल्या दांडीच्या जुन्या अठ्ठावीस इंची सायकलीत टायरची बैठक ६३५ मिलिमीटर व्यासाची. कडेचा व्यास त्याहून सेंटिमीटरभर तरी जास्त. म्हणजे न ताणली जाणारी लहान कडी मोठ्या कडेवरून पलीकडे न्यायची. हे व्हावं कसं? मी घाम गाळला, अंगठे लाल झाले. शेवटी मामांनी टायरची समोरची बाजू चिमटीत धरून मधल्या पन्हळीत ढकलली. तिथे घेर लहान, म्हणून तार तेवढी सैल पडली, आणि ती सैल माझ्या बाजूला आली. टायर टुपकन आत गेलं.

"कळलं कशाला पन्हळ?" एवढंच मामा म्हणाले.

पुढे वाचनात आलं की ही युक्ती १८९० सालची आहे. त्याआधी दोन वर्षं, १८८८ मध्ये, जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने बेलफास्टमध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचं टायर बनवलं. पण ते टायर चाकाला चिकटवलेलं, बांधलेलं असे. पंक्चर काढायचं म्हणजे मोठाच खटाटोप. चार्ल्स किंग्स्टन वेल्च नावाच्या इंग्रज माणसाने कडेत तार असलेलं टायर आणि मध्ये खोलगट असलेली रिम यांचं पेटंट १८९० मध्ये घेतलं, आणि रस्त्याकडेला बसून पंक्चर काढणं शक्य झालं. आज आपल्या गल्लीत जो पंक्चरवाला पाण्याची घमेली घेऊन बसतो, त्याचं पोट त्या पन्हळीवर चालतं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. मोटारीच्या चाकातही हीच पन्हळ असते.

०००

एकदा ही दृष्टी आली की रिम म्हणजे नुसतं वाकवलेलं लोखंड राहत नाही. तिच्यावरची प्रत्येक रेघ, प्रत्येक भोक काहीतरी सांगू लागतं.

तारांची भोकं पाहा. ती एका ओळीत नसतात. एक जरा डावीकडे, पुढचं जरा उजवीकडे. कारण तार हबच्या एकेका बाजूच्या थाळीकडे जाते. डाव्या थाळीची तार डाव्या अंगाने, उजवीची उजव्या अंगाने, सरळ यावी, निप्पलपाशी वाकडी होऊ नये, म्हणून हा नागमोडीपणा. भोकाभोवती पत्रा थोडा दाबून खळगी केलेली असते, म्हणजे निप्पलचं डोकं नीट बसतं. चांगल्या अॅल्युमिनियमच्या रिमांत त्या भोकाला कपड्याच्या काजाला असते तशी धातूची कडी बसवलेली असते. ती शोभेची वाटते. पण मऊ धातूला निप्पलने चिरू नये म्हणून ती आहे.

आणि ही ओढ थोडीथोडकी नसते. बैलगाडीच्या चाकात आरे असतात, ते खांबासारखे वजन पेलतात. सायकलची तार इतकी बारीक की तिच्यावर वजन टेकवलं तर ती वाकेल. म्हणून ती उलट ताणलेली असते. मागच्या चाकाच्या चेनकडच्या एकेका तारेत शंभर किलोच्या आसपास ओढ असू शकते. चहूबाजूंनी अशा तारा रिमला आत खेचत असतात आणि रिम सगळ्यांना तोलून धरते. १८७४ मध्ये जेम्स स्टार्ली या इंग्रज कारागिराने तारा हबपासून सरळ न नेता तिरक्या, एकमेकींना छेदून नेण्याचं पेटंट घेतलं. पायडलचा जोर हबकडून रिमपर्यंत पोचतो तो या तिरकेपणामुळे. आपण आजही त्याच पद्धतीने चाक बांधतो.

व्हॉल्व्हचं भोक पाहा. त्याच्या दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींपासून दूर जाणाऱ्या असल्या पाहिजेत, म्हणजे पंपाचं तोंड बसायला जागा मिळते. मामा म्हणत, "व्हॉल्व्हवर तारांची फुली आली, तर चाक बांधणारा नवशिका समज." आणि व्हॉल्व्हच्या भोकाच्या बरोबर समोर, अर्धा फेरा पलीकडे बोट फिरवलं, तर एक बारीक सांधा लागतो. रिम म्हणजे शेवटी गोल वाकवून टोकाला टोक जोडलेली पट्टी. भोक ही एक नाजूक जागा, सांधा ही दुसरी. दोन्ही नाजूक जागा एकमेकींपासून जितक्या दूर, तितकं बरं. शिवाय इकडे व्हॉल्व्हचं वजन, तिकडे सांध्याचं. चाक तोलात राहतं. ब्रेक हलकेच दाबला असताना प्रत्येक फेऱ्याला एकदा 'टुक' असा आवाज येतो ना, तो बहुधा या सांध्याचा.

आता दांडीच्या जुन्या सायकलीची रिम आतल्या बाजूने, म्हणजे हबकडून पाहा. मध्ये तारांचा फुगवटा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन गोलसर पट्टे. या घडणीच्या रिमला वेस्टवुड रिम म्हणतात. ते दोन पट्टे म्हणजे ब्रेकची धावपट्टी. त्या सायकलींना वायर नसे, सळ्यांचे ब्रेक असत. मूठ दाबली की सळई घोड्याच्या रिकिबीसारखा एक आकडा वर ओढी, आणि त्याला लावलेली दोन रबरं रिमला खालून, म्हणजे हबकडच्या अंगाने, दाबून धरीत. यात एक फायदा होता. चाक डावी-उजवीकडे थोडं आऊट असलं तरी ब्रेक घासत नसे. खेड्यापाड्यांतून दुधाचे कॅन आणि धान्याची पोती वाहणाऱ्या सायकलीची चाकं कायमचीच थोडी आऊट. त्यांना ही रचना मानवली.

तोटाही होता, आणि तो पावसाळ्यात कळे. रिमवर चकचकीत निकेल-क्रोमचा मुलामा. तो गंज थोपवी. पण भिजला की रबर त्यावरून गुळगुळीत घसरे. पाचगणीहून पसरणीच्या घाटाने श्रावणात खाली येताना ब्रेक दाबल्यावर पहिल्यांदा आठवण येई ती कुलदैवताची. मग आम्ही चपलेचा तळवा पुढच्या टायरवर टेकवत असू. चपला लवकर का झिजतात, हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही.

युरोपातही पोलादी रिमांची हीच रड होती. तिथे पुढे ब्रेक रिमच्या दोन्ही कुशींना चिमट्यासारखे दाबणारे आले, त्यासाठी रिमच्या कुशी सपाट झाल्या, आणि काही पोलादी रिमांच्या कुशीवर खवल्यासारखी बारीक नक्षी उठवलेली असे. आपल्याला वाटावं, किती हौशी लोक! ती हौस नव्हती. पाणी पुसलं जावं आणि रबराला काही धरायला मिळावं, एवढ्यासाठी ती खवलं होती.

०००

या दुखण्यावरचं खरं औषध म्हणजे अॅल्युमिनियम. हलकं, न गंजणारं, आणि ओलं असतानाही ब्रेकला पुष्कळ बरं दाद देणारं. शर्यतीच्या सायकलींना आधी लाकडी रिमा असत. १९३४ च्या 'टूर द फ्रान्स' शर्यतीत आंतोनँ मान्य या फ्रेंच सायकलपटूने माविक कंपनीच्या ड्युराल्युमिनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या, रिमा वापरल्या. कोणाला संशय येऊ नये म्हणून त्या लाकडाच्या रंगाने रंगवल्या होत्या, असं सांगतात. ती शर्यत त्याने जिंकली. पुढे काही दशकांत हा धातू शर्यतीतून बाजारात, आणि बाजारातून आपल्या मुलाबाळांच्या सायकलींत आला.

पण प्रत्येक औषधाचा काही गुण असतो, तसा काही दोषही. अॅल्युमिनियम मऊ. ब्रेकचं रबर त्याला धरतं, तसं खातंही. लोखंडी रिम आपण वापरत होतो तेव्हा झिजे ते रबर. ते चार-दोन रुपयांत बदललं की काम संपलं. अॅल्युमिनियमच्या रिमेत रबर झिजतं आणि रिमही झिजते. ही एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मामांच्या दुकानात बसून शिकल्याचा मला अभिमान होता. पण ते शिक्षण लोखंडाचं होतं.

आम्ही पुण्यात राहायला आलो, संसार झाला, मुलगी दहावी पास झाली. २००८ साली तिला गिअरची सायकल घेतली. दुकानदाराने सायकलबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत एक छोटी पुस्तिका दिली. ती मी गॅस-टेलिफोनच्या पावत्यांच्या खणात टाकली. सायकल घरी आणल्यावर मुलगी ती उलटीसुलटी करून पाहत होती. तिने पुढचं चाक हळूहळू फिरवलं आणि बोट ठेवून विचारलं, "बाबा, हे काय आहे रे?"

रिमच्या कुशीवर, जिथे ब्रेकची रबरं लागतात त्या चकचकीत पट्ट्यावर, एक खळगा होता. टाचणीच्या डोक्याएवढा. भोक आरपार नव्हतं. दुसऱ्या बाजूलाही तसाच एक.

मी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. हातात पेपर होता, आतून चहाची हाक आलेली होती. म्हटलं, "काही नाही गं. कारखान्यात पकडायला केलेली खूण असेल."

ती 'बरं' म्हणाली आणि सायकल घेऊन खाली गेली.

त्यानंतर सहा-सात वर्षं त्या सायकलीने घरचंच माणूस होऊन सेवा केली. आधी ज्युनियर कॉलेज, मग इंजिनियरिंग. पुढे मैत्रिणींबरोबर रविवारी पहाटे खडकवासला, सिंहगड. मी बाप म्हणून काळजी घेत होतो, असं माझं मत होतं. दर दोन महिन्यांनी चेनला तेल, टायरमध्ये हवा, आणि ब्रेकची रबरं झिजली की ताबडतोब नवी. रबरं मी स्वतः बदलत असे. रिमपासून दोन बोटांवर माझे डोळे असत. तरी रिम मला दिसली नाही.

२०१५ च्या ऑक्टोबरातला शनिवार. पाऊस नुकताच सरला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मुलगी आणि तिच्या तीन मैत्रिणी सिंहगडावर जाणार होत्या. संध्याकाळी मी दोन्ही टायरांत चांगली टणटणीत हवा भरली आणि सायकल गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवली. आम्ही जेवायला बसलो. दहा मिनिटं झाली असतील, आणि गॅलरीत सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. शेजारचेही दार उघडून बाहेर आले. दिवाळीला अजून अवकाश होता.

मला वाटलं, ट्यूब फुटली. दिवा लावून पाहिलं, तर पुढच्या चाकाच्या रिमची कड वीतभर लांब फाटून बाहेर वळली होती. पत्र्याच्या डब्याचं झाकण सोलून काढावं तशी. टायर बाहेर लोंबत होतं. फाटलेल्या कडेची धार पात्यासारखी होती.

कोणी काही बोललं नाही. मुलगी खाली बसली. तिने ते चाक हळूहळू फिरवलं. एक फेरा, दुसरा फेरा. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाबा, तो खळगा कुठे गेला?"

०००

मी त्या रात्री झोपलो नाही. गडावरून उतरताना काय काय झालं असतं, ते डोळ्यांपुढे येत होतं. गॅलरीत फुटलं ते चाक पुढचं होतं.

रविवारी दुकान उघडताच चाक घेऊन गेलो. तिथला मिस्त्री पंचविशीतला मुलगा. त्याने बोट फिरवलं आणि म्हणाला, "काका, ही रिम कधीच संपली होती. खूण गेलेली बघितली नाही का तुम्ही?"

मग त्याने करवतीने रिमचा एक तुकडा कापून काप माझ्या हातावर ठेवला. आजवर मी रिम बाहेरूनच पाहिली होती. हा काप म्हणजे घराचा नकाशा होता. रिम आतून पोकळ, दोन मजली. वरच्या मजल्यावर टायर बसतं, खालच्या मजल्याला निप्पल धरतात. कडांच्या टोकाला आतून बारीक आकडा, टायरची कड त्यात अडकावी म्हणून. तळाशी एक सुईसारखं भोक. त्याचं काम पोकळीत शिरलेलं पाणी बाहेर सोडणं. आणि दोन्ही कुशी, जिथे ब्रेक लागतो. त्या नव्या रिमेत दीड मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण रुपयाच्या नाण्याइतक्या जाड असतात. माझ्या हातातल्या कापाची कूस मध्ये खपाटीला गेलेली, एखाद्या ठिकाणी पोस्टकार्डासारखी.

त्याने नवी रिम आणून शेजारी ठेवली. तिच्या कुशीवर तो खळगा होता. "हा मुद्दाम ठरावीक खोलीचा असतो," तो म्हणाला. "कूस झिजत झिजत खळग्याच्या तळापर्यंत आली की खळगा दिसेनासा होतो. दिसेनासा झाला की रिम बदलायची. एवढंच त्याचं काम."

कुठल्याही यंत्रातली खूण काहीतरी दाखवण्यासाठी असते, असं आपण धरून चालतो. ही खूण नाहीशी होऊन सांगणारी. तिचं बोलणं कळायला ती आधी तिथे होती, हे ठाऊक असावं लागतं. काही रिमांना खळग्याऐवजी सबंध कुशीवरून गोल फिरणारी बारीक खोबण असते, तिचंही तसंच. काही ठिकाणी बरोबर उलट: आतल्या बाजूने आंधळं छिद्र पाडून ठेवलेलं असतं, आणि कूस झिजली की ते बाहेर उगवतं. सायकलींच्या सुरक्षिततेबद्दलचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ४२१०, त्यात तर स्पष्ट म्हटलं आहे की, रिम ब्रेकचाच भाग असेल आणि झिजून धोका होण्याजोगी असेल, तर चालवणाऱ्याला तो धोका कळावा अशी टिकाऊ, वाचता येण्याजोगी सूचना रिमवर असली पाहिजे.

घरी येऊन पावत्यांचा खण उपसला. पुस्तिका होती. तिच्यात तो खळगा चित्रासह दाखवला होता. दुकानदाराला किंवा कारखान्याला दोष द्यायला मला जागा उरली नाही.

त्यानंतर मी हिशेब मांडला. माझा तो जुनाच नाद. सिंहगडाच्या घाटरस्त्यात साडेपाचशे-सहाशे मीटरची उतरण आहे. माणूस आणि सायकल मिळून पंचाहत्तर-ऐंशी किलो धरलं, तर वरून खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते, तेवढ्यात सव्वा ते दीड लिटर पाणी उकळेल. यातला काही भाग वारा खातो. उरलेली सगळी ऊर्जा ब्रेकची चार रबरं आणि दोन रिमा यांच्यात उष्णता होऊन जिरते. घाट आठ-नऊ किलोमीटरचा. चाकाचे चार हजारांवर फेरे. त्यात पावसाळ्यातली वाळू रबरात रुतून बसलेली. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला आपण आपल्याच रिमवर पॉलिशपेपर फिरवत असतो. पावसाळी फेरीनंतर रबरांवर जो काळा चिखल दिसतो, त्यात रस्त्याची माती असते तशी आपली रिमही असते. मी तो चिखल सहा-सात वर्षं फडक्याने पुसत होतो.

आणि कूस पातळ झाल्यावर ती फुटली का, तर हवा. टायरमधली हवा रिमच्या दोन्ही कडा सतत बाहेर रेटत असते. साठ-पासष्ट पौंडांच्या दाबाला, ढोबळ हिशेबाने, कडेच्या दर इंचाला पंधरा-वीस किलोची ओढ बसते. रात्रंदिवस, सायकल उभी असली तरीही. म्हणून अशी रिम बऱ्याचदा हवा भरताना किंवा भरल्यावर लगेच फुटते. आमची तशी फुटली, हे आमचं नशीब. ब्रेक लावताना चिमटा कडांना आत दाबतो, सोडला की त्या पुन्हा बाहेर. ही उघडमीट पातळ धातूला फार सोसत नाही. उतारावर फाटली असती तर फाटलेली कड ब्रेकमध्ये अडकून चाक जागच्या जागी थांबलं असतं. पुढचं मी लिहीत नाही.

०००

हे सगळं वाचून कोणी घाबरून सायकल सोडू नये. उलट, आपल्या घरात सायकल असेल, तर पाच मिनिटं काढावीत. ओल्या फडक्याने रिमच्या कुशी पुसाव्यात, आणि चाक उजेडात हळूहळू फिरवावं. खळगा किंवा खोबण दिसते का, पाहावं. दिसली तर तिच्या तळाला नख लावून खोली चाचपावी. कुठलीच खूण सापडत नसेल, तर स्टीलची पट्टी कुशीवर आडवी टेकवून मधून उजेड येतो का ते बघावं. कूस खपाटीला गेली असेल तर येतो, आणि मग जाणत्या मिस्त्रीकडून एकदा तपासून घेणं बरं. चाकाला एकाच जागी अचानक फुगवटा आला, किंवा ब्रेक लावताना पूर्वी नव्हता असा धक्का बसू लागला, तर त्या सायकलवर उतार उतरू नये. हबपाशी डिस्कब्रेक असलेल्या सायकलींत ब्रेकचा भार रिमवर येत नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न उरत नाही. दांडीच्या जुन्या सायकलीची पोलादी रिमही अशी भराभर झिजत नाही. तिचा शत्रू गंज. तिथे निप्पलांभोवती आणि रिमटेपखाली डोकवावं.

पण मला खरं तर रिमपेक्षा निराळंच सांगायचं होतं. मामांना मी विचारलं होतं, "ही पन्हळ कशाला?" तेव्हा त्यांच्याकडे पाच गिऱ्हाइकं उभी होती. तरी त्यांनी टायर पुढे टाकलं. माझ्या मुलीने मला तसाच प्रश्न विचारला, आणि मी 'काही नाही' म्हणालो. मला ठाऊक नव्हतं, यात काही गुन्हा नाही. 'ठाऊक नाही, पुस्तिकेत बघू' म्हणायला किती वेळ लागला असता? चाकावर ती खूण कोणीतरी मोजूनमापून, विचार करून केली होती, ती माझ्या मुलीला पहिल्याच दिवशी दिसली होती, आणि मधल्या मध्ये मी तिच्यावर हात ठेवला. लहान मुलांच्या नजरेला बारीक गोष्टी दिसतात. मोठ्यांनी त्यांना 'काही नाही' सांगितलं, की हळूहळू त्यांनाही त्या दिसेनाशा होतात.

ती फुटलेली रिम मी मोडीत दिली नाही. धार कानशीने घासून ती गॅलरीत खिळ्याला अडकवून ठेवली आहे. आमच्याकडे उभा पंप आहे, म्हणून सोसायटीतली मुलं हवा भरायला येतात. हवा फुकट, पण आधी चाक फिरवून खूण शोधून दाखवायची, असा माझा नियम आहे. सुरुवातीला मुलं कंटाळली. आता एकमेकांना दाखवतात. परवा एक सात-आठ वर्षांचा मुलगा खिळ्यावरच्या रिमकडे बघत म्हणाला, "आजोबा, ही मला द्या ना, काठीनं पळवायला." म्हणजे हा खेळ अजून कुठेतरी जिवंत आहे तर! ती रिम मी दिली नाही. त्याच सायकलचं मागचं चाकही तेव्हाच बदललं होतं. त्याची तारा काढलेली रिम होती, ती दिली. काठी पन्हळीत बरोबर बसली.

मुलगी आता बंगळूरला नोकरी करते. तिथे तिने दुसरी सायकल घेतली आहे, रिमला ब्रेक असलेलीच. ती जुन्या गोष्टी उकरून काढणाऱ्यांतली नाही. त्या शनिवारबद्दल ती मला पुन्हा कधी एका शब्दाने बोलली नाही. फक्त दर वर्षी पाऊस सरला की तिचा फोनवर एक निरोप येतो. एकच शब्द असतो.

'आहे.'